हरवलेलें, सापडलेलें आणि भरलेलें

गेल्या उन्हाळ्यांत अकोल्यास आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या घरीं एक लहानसा अपघात झाला. संगणकाला जोडून ठेवलेली एक हार्ड डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. बाहेरून पाहतां ती पेटी अगदीं शाबूत होती. तिला चीर नव्हती, खोंक नव्हती. परंतु पुन्हां जोडतांच तिच्या पोटांतून घड्याळाच्या टिकटिकीसारखा आवाज येऊं लागला, आणि तींतील एकहि अक्षर दिसेनासें झालें. त्या पेटींत पंधरा वर्षांचीं छायाचित्रें होतीं, घराचे कागद होते. आणि या सर्वांहून मोलाची अशी एक वस्तु होती. आमच्या आजीनें जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या १९८६ सालीं कोणीतरी कॅसेटवर उतरून घेतल्या होत्या, त्यांची ती नक्कल होती. नक्कल झाल्यावर, बुरशी धरलेली ती कॅसेट घर झाडतांना फेकून देण्यांत आली. म्हणजे नक्कल हीच मूळ होऊन बसली होती, आणि हें घरांतील कोणाच्याहि ध्यानांत आलें नव्हतें.

पुढें त्या पेटीचा लेख पुष्कळसा परत मिळाला. तो कसा मिळाला हें सांगण्याजोगें आहेच. परंतु तो मिळाल्यावर घरांत जो प्रश्न उभा राहिला, त्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला आहे. हरवलेली वस्तु परत आणूं पाहणाराचें कर्तव्य नेमकें कोणतें? जें सांपडेल तेवढेंच हातीं द्यावें, कीं जें सांपडलें नाहीं तेंहि, पाहणाराला कळणार नाहीं अशा बेतानें, भरून द्यावें?

प्रथम यंत्राविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेटीच्या आंत कांचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या एक-दोन तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ लेप असतो. घरगुती वापराच्या अशा पेटींतील तबकडी बहुधा मिनिटास ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदास ९० फेरे घेते. एका बारीक दांडीच्या टोंकाशीं बसविलेलें वाचनशीर्ष तिच्यावर हवेच्या उशीवर तरंगत असतें. दोहोंमधील अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर असतें. माणसाच्या केसाची जाडी घेतली तर तिच्या हजाराव्या भागाहूनहि तें पुष्कळ कमी. त्या अंतराच्या मानानें धुळीचा एक कण म्हणजे डोंगरच होय. चालू स्थितींत पेटी पडली कीं शीर्ष तबकडीवर आदळतें, वांकतें, आणि लेप खरवडूं लागतें. तो लेप हाच लेख असल्यामुळें, जेथें त्याचा भुगा झाला तेथील अक्षर जगांतून कायमचें गेलें. त्याला कोणताहि उपाय नाहीं. उरलेला पृष्ठभाग मात्र पूर्ववत् असतो, व त्यावरील लेख वाचला जाण्याची वाट पाहत असतो.

यावरून उघड होईल कीं अशा अपघातानंतरचें पहिलें कर्तव्य म्हणजे कांहींहि न करणें. आमच्या आतेभावाला तें साधलें नाहीं. त्यानें ती पेटी पांच-सहा वेळां जोडून पाहिली, थापटून पाहिली, आणि कोणाच्या सांगण्यावरून एक रात्र फ्रीजमध्येंहि ठेवली. प्रत्येक वेळीं मोडकें शीर्ष तबकडीवरून फिरलें, आणि कदाचित् प्रत्येक वेळीं आजीच्या आवाजाचा थोडा भाग त्याखालीं गेला. त्याचा हेतु प्रेमाचा होता यांत शंका नाहीं. परंतु खरवडणाऱ्या शीर्षाला हेतु समजत नाहीं.

शेवटीं पेटी पुण्यास एका जाणत्या कारागिराकडे गेली. धूळरहित केलेल्या कोठडींत त्यानें ती उघडली व त्याच जातीच्या दुसऱ्या चांगल्या पेटींतून शीर्षांचा संच काढून हिच्यांत बसविला. मग तबकडीवरील लेख जसाच्या तसा, एकेक खंड करून, दुसऱ्या डिस्कवर उतरून घेण्यास त्यानें आरंभ केला. जेथें वाचन अडलें तेथें तो हट्टानें थांबला नाहीं. सुलभ भाग आधीं पदरांत पाडून घेऊन अवघड जागांकडे तो मागाहून वळला. कारण उसनें आणलेलें शीर्षहि किती वेळ टिकेल याचा भरंवसा नसतो.

या कामांतील एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटली. तबकडीवरील प्रत्येक खंडाबरोबर, त्याच्याच अक्षरांवरून गणितानें काढलेलीं कांहीं जादा अक्षरें लिहून ठेवलेलीं असतात. वाचतांना थोडी चूक झाली तर या जादा अक्षरांच्या साहाय्यानें मूळ अक्षर पुन्हां निश्चित करतां येतें. ही युक्ति अमेरिकन गणिती रिचर्ड हॅमिंग यानें १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत मांडली, व पुढें इतरांनीं ती पुष्कळ वाढविली. परंतु तिचें मर्म आपल्याकडे फार जुनें आहे. वैदिकांनीं संहितेबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ राखले. त्यांत एकच शब्द सुलट व उलट क्रमानें अनेकदां उच्चारला जातो. त्यामुळें एका ठिकाणीं झालेली चूक दुसऱ्या ठिकाणीं उघडी पडते. दोन्हीकडे तत्त्व एकच: विपत्ति येण्यापूर्वींच मूळ गोष्टीची साक्ष दुसऱ्या एखाद्या जागीं ठेवून द्यावयाची, आणि विपत्ति आली म्हणजे त्या साक्षीला विचारावयाचें.

आणि ती साक्षहि पुरेनाशी झाली तर? तर यंत्र 'हा खंड वाचतां येत नाहीं' असें सांगून गप्प बसतें. तें आपल्या कल्पनेनें कांहीं रचून देत नाहीं. आमच्या कारागिरानेंहि तेंच केलें. छायाचित्रें बहुतेक सर्व आलीं. ओव्यांच्या ३८ मिनिटांच्या लेखांत तीन ठिकाणीं मिळून सुमारें ४ मिनिटें नव्हतीं. न वाचलेल्या खंडांच्या जागीं त्यानें शून्यें ठेवलीं होतीं. आणि ध्वनीच्या अशा लेखांत सलग शून्यें म्हणजे निःशब्दता. आजीचा आवाज चढत जातो, जात्याची घरघर ऐकूं येते, आणि ओवीच्या मध्यावर एकाएकीं सर्व स्तब्ध होतें. थोड्या वेळानें ती पुन्हां म्हणूं लागते, जणूं मध्यें कांहीं झालेंच नाहीं!

प्रश्न उभा राहिला तो येथें. आत्याबाईंचा नातू अमरावतीस अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे. तो म्हणाला, 'आजी, उरलेल्या ३४ मिनिटांवरून पणजीचा आवाज यंत्राला शिकवतां येतो. ओव्यांची चाल ठरलेली आहे. मधल्या जागा यंत्र भरून देईल. ऐकणाराला शिवण दिसणारहि नाहीं.' आत्याबाईंनीं त्या दिवशीं होय म्हटलें नाहीं कीं नाहीं म्हटलें नाहीं. पदराला हात पुसून त्या आंत गेल्या.

मुलाचें म्हणणें हंसून उडवून देण्याजोगें नव्हतें. आपण फुटक्या वस्तु सांधतों, पडक्या देवळांचा जीर्णोद्धार करून गेलेल्या दगडाच्या जागीं नवा दगड बसवितों, वडिलांच्या छायाचित्रावरील डाग चित्रकाराकडून पुसून घेतों. आणि यांत कोणाला पाप वाटत नाहीं. मग चार मिनिटांच्या आवाजानेंच काय अपराध केला? शिवाय यांत फसवणूक कोणाची? घरच्यांचीच, आणि तीहि त्यांच्या समाधानासाठीं. ऐंशीच्या घरांत पोंचलेल्या मुलीला आपल्या आईचा आवाज अखंड ऐकावासा वाटला, तर तिच्यापुढें सत्याचें प्रवचन करणारे आपण कोण?

या युक्तिवादाचें बळ मान्य करूनहि त्यांत एक पायरी गाळली आहे असें मला वाटतें. नव्या दगडाला कोणी जुना म्हणत नाहीं. त्याचा रंग, त्यावरील टांकीचे घाव, सर्व कांहीं तो नवा असल्याचें सांगतें. पण जी भरणी दिसूंच नये हाच जिचा गुण, ती जुन्याच्या नांवावर खपते. अशी भरणी करणारें यंत्र खोटें बोलतें असें मी म्हणत नाहीं, कारण त्याला खरें काय तेंहि ठाऊक नसतें. तें, आजवर जें पाहिलें व ऐकलें त्यांच्या सरासरीस साजेल, असें कांहीं देतें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत पुसट चेहऱ्यांवरून रेखीव चेहरे काढणारी 'पल्स' नांवाची एक योजना तयार झाली होती. २०२० सालीं तिला बराक ओबामा यांचें पुसट चित्र देण्यांत आलें, तेव्हां तिनें एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. चित्रांत दोष नव्हता. डोळे, नाक, कांति, सर्व यथास्थित होतें. दोष एवढाच होता कीं तो मनुष्य दुसरा होता! ओबामा यांचा चेहरा जगाला माहीत होता म्हणून चूक पकडली गेली. आमच्या आजीच्या त्या चार मिनिटांना असें जग कोठें आहे?

हाच प्रश्न आमच्या वऱ्हाडांत सुमारें सातशें वर्षांपूर्वीं एकदां उभा राहिला होता, व तो अधिक मोठ्या वस्तूच्या बाबतींत होता. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर म्हणून गांव आहे. गोविंदप्रभूंचें तें स्थान. श्रीचक्रधर निघून गेल्यावर, नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखालीं, म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी येथें एकत्र केल्या व इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानला जातो. म्हाइंभटांनीं ज्यानें ज्यानें जें पाहिलें-ऐकलें होतें तें त्याच्या त्याच्याकडून विचारून घेतलें. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं, उत्तरेकडील फौजेच्या धामधुमींत, म्हणजे पंथाच्या भाषेंत 'खालशाच्या धाडींत', ती मूळ पोथी नष्ट झाली, असें महानुभाव परंपरा सांगते.

पोथी गेली, परंतु ती ज्यांनीं पाठ केली होती अशीं माणसें जिवंत होतीं. नागदेवाचार्यांची शिष्या हिराइसा ही स्मरणशक्तीबद्दल पंथांत विख्यात होती. तिनें व इतरांनीं आपापल्या आठवणींतून तो ग्रंथ पुन्हां सांगितला, आणि त्यावरून नव्या पोथ्या झाल्या. आपल्या कारागिराच्या भाषेंत बोलावयाचें तर मूळ तबकडी गेल्यावर माणसांच्या ठिकाणीं ठेवलेल्या साक्षींवरून हा उद्धार झाला. मात्र या उद्धारांत एक अडचण होती. सर्वांच्या आठवणी सारख्या नव्हत्या. एकाच लीळेंत कोणाला एक शब्द आठवे, कोणाला दुसरा. कोणी प्रसंगाचें स्थळ एक सांगे, कोणी निराळें.

येथें त्या मंडळींनीं जें केलें त्याला माझ्या मतें बौद्धिक सचोटीचें उत्तम उदाहरण म्हणावयास हरकत नाहीं. भेद पुसून एकच सुबक, सलग कथन तयार करण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. श्रद्धेच्या दृष्टीनें तें सोईचेंहि होतें. प्रत्यक्ष परमेश्वरावताराच्या चरित्रांत 'किंवा' हा शब्द यावा हें भक्ताला रुचण्याजोगें नाहीं. तरीहि पोथ्यांत पाठभेद नोंदले गेले. अशा भेदाला ते 'वासना' म्हणत. आणि कित्येक ठिकाणीं हा पाठ हिराइसेचा, हा अमक्याचा, असें नांवहि दिलें गेलें. वाचणाराला कळावें कीं ही गोष्ट कोणाच्या तोंडून आली आहे. विसाव्या शतकांत ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून व पुढें वि. भि. कोलते यांनीं १९७८ सालीं या ग्रंथाच्या आवृत्त्या काढल्या. सहाशें वर्षांपूर्वींच्या त्या लेखकांनीं मतभेद झांकून ठेवले असते, तर या संशोधकांना तोलून पाहण्यास उरलें काय असतें?

याच पंथाच्या इतिहासांत दुसऱ्या एका हानीचेंहि उदाहरण आहे. पुढील काळांत महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळी, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या शाबूत राहिल्या, पण बाहेरच्या जगाला त्या मुक्या झाल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदि संशोधकांच्या प्रयत्नांनीं त्यांचा उलगडा झाला, कारण लिपीची किल्ली मठांतून जिवंत होती. आजच्या कित्येक पेट्याहि आपला लेख स्वतःच्या चिपेंतील गुप्त किल्लीनें बंद करून ठेवतात. ती चिप जळाली तर तबकडी निर्दोष असूनहि तिचा उपयोग नाहीं. तात्पर्य तेंच. लेख वांचतो तो केवळ पदार्थाच्या मजबुतीवर वांचत नाहीं. त्याच्याविषयीं दुसरीकडे कोणीतरी जाणता असावा लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं माणसाची आठवण तरी कोठें शुद्ध असते? हिराइसेनेंहि नकळत कांहीं भरलें नसेल कशावरून? स्मरण म्हणजे पेटींतून वस्तु काढणें नव्हे. आठवतांना आपण पुष्कळसें नव्यानें रचीत असतों. हें मला मान्य आहे. नैयायिकांनीं स्मृतीला प्रमाणांत बसविलें नाहीं तें उगीच नव्हे. परंतु आठवणाऱ्या माणसांत आणि भरणाऱ्या यंत्रांत एक भेद शिल्लक राहतोच. आठवणारा त्या गोष्टीच्या ठिकाणीं एकदां हजर होता, आणि आपल्या सांगण्याला तो जबाबदार असतो. त्याला उलट विचारतां येतें. दुसरा साक्षीदार आणून त्याच्यापुढें उभा करतां येतो. आणि 'येथें मला नक्की आठवत नाहीं' असें तो म्हणूं शकतो. ज्या सांगण्यामागें असा कोणी उभा नाहीं, तें कितीहि गोड असलें तरी साक्ष नव्हे. साक्षीच्या आधारानें जें येतें तें सापडलेलें. साक्षीवांचून जें येतें तें भरलेलें. दुसऱ्याला पहिल्याचें नांव देऊं नये, एवढाच माझा आग्रह आहे. वेगळें नांव देऊन खुशाल भरावें. त्याला कला म्हणावें, करमणूक म्हणावें.

आणि समाधानाचें काय? खोट्या भरणीनें मिळणारें समाधान वाईट कां, याचें उत्तर मला बराच काळ सुचलें नव्हतें. आतां असें वाटतें कीं त्यांत मृताचा अपमान होतो तो वेगळाच, परंतु मुख्य हानि जिवंतांची होते. जागा भरली कीं शोध थांबतो. जेथें पोकळी दिसते तेथेंच 'हें कोणाला ठाऊक असेल?' असा प्रश्न सुचतो. जेथें सर्व सलग आहे तेथें कोणी कोणाला कशाला विचारील? शिवाय एक जागा भरलेली निघाली म्हणजे उरलेल्या ३४ मिनिटांविषयींहि संशय उत्पन्न होतो, आणि जें खरोखर आजीचें होतें तेंहि तिचें राहत नाहीं.

आत्याबाईंनीं असला कांहीं विचार केला होता असें मी म्हणत नाहीं. आठ दिवसांनीं नातू पुन्हां अकोल्यास आला, तेव्हां त्या आपल्या वऱ्हाडी बोलींत त्याला इतकेंच म्हणाल्या, 'माह्या मायनं जे म्हनलंच नाई, ते तिच्या तोंडी कायले घालतं रे बाप्पा?' आणि थोडें थांबून म्हणाल्या, 'धाकटीले विचारू. ती बसे मायच्या संग जात्यावर.'

धाकट्या आत्याबाई अचलपूरला असतात. नातवानें त्यांना तो लेख ऐकविला. पहिली निःशब्दता येतांच त्यांनीं डोळे मिटले आणि तुटलेली ओवी जेथें तुटली होती तेथूनच उचलली. त्यांचा आवाज कांपरा, आईसारखा मुळींच नव्हे. पण शब्द थांबले नाहींत. दुसऱ्या जागीं त्यांनीं जी ओवी म्हटली ती थोरल्या बहिणीला मान्य झाली नाहीं. तिच्या मतें तेथें भावाचें नांव आधीं येतें व माहेरचें मागाहून. दोघींचा फोनवर बराच वाद झाला. निर्णय लागला नाहीं. म्हणून दोन्ही पाठ उतरून घेतले. नातवानें त्यांचे लेख वेगळे ठेवले असून, एकावर 'अचलपूरच्या आजीचा पाठ' व दुसऱ्यावर 'अकोल्याच्या आजीचा पाठ' असें लिहिलें आहे. हिराइसेचें नांवहि त्यानें ऐकलें नव्हतें.

तिसरी जागा मात्र दोघींनाहि आठवली नाहीं. ती तशीच रिकामी आहे. आतां सर्व लेखाच्या तीन प्रती आहेत, एक अकोल्यास, एक अमरावतीस, एक अचलपुरास. घरांतील लहान मुलें ओव्या ऐकतांना तिसऱ्या जागेपाशीं हटकून विचारतात, 'इथं काय होतं?' थोरल्या आत्याबाई सांगतात, 'मले याद नाई, बाबू,' आणि मग आजीचा आवाज पुन्हां सुरू होईपर्यंत सर्व जण थांबतात.